विश्लेषण : कोंबडी मरून सांगते, इमू सांगत नाही, मग बर्ड फ्लू ओळखायचा कसा?

बर्ड फ्लूची बातमी बहुतेक वेळा मेलेल्या कोंबड्यांच्या आकड्याने सुरू होते. शेडमध्ये एका रात्रीत शेकडो पक्षी मरतात, मालक घाबरतो, पशुवैद्यकीय पथक येते आणि नमुने भोपाळला जातात. शहामृग आणि इमूसारख्या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्यांत मात्र हा क्रम मोडतो. मोठ्या पक्ष्याला तोच विषाणू होऊन जातो, दोन-चार दिवस तो सुस्त दिसतो आणि पुन्हा चरायला लागतो. तोवर विषाणू शेजारच्या शेडपर्यंत पोहोचलेला असू शकतो. अशा पक्ष्यांवर लक्ष कसे ठेवायचे आणि अमरावती-अकोल्याच्या कुक्कुटपालकांनी याचा विचार का करायचा, ते समजून घेऊ.

कॅनडात नेमके काय झाले?

हा विषय जगभर चर्चेत आला तो कॅनडातील एका प्रकरणामुळे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एडजवूड या छोट्या गावाजवळच्या शहामृग फार्मवर डिसेंबर २०२४च्या अखेरीस एच५एन१ बर्ड फ्लूचे निदान झाले. त्या साथीत ६९ शहामृग मेले. तेथील अन्न तपासणी यंत्रणेने सर्व पक्षी नष्ट करण्याचा आदेश दिला.

मालकांनी न्यायालयात धाव घेतली. उरलेले शेकडो पक्षी बरे झाले आहेत, निरोगी दिसतात, मग त्यांना मारायचे कशाला, असा त्यांचा सवाल होता. निरोगी दिसणारा पक्षी विषाणूमुक्तच असेल असे नाही आणि उघड्यावर वावरणाऱ्या कळपात विषाणू टिकून राहिला तर तो बदलू शकतो, अशी यंत्रणेची भूमिका होती.

वाद वर्षभर चालला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांचा अर्ज ऐकण्यास नकार दिला आणि त्यानंतर काही तासांतच कळप नष्ट करण्याची कारवाई सुरू झाली. तीनशेहून अधिक शहामृग मारले गेले.

कारवाई योग्य होती की नाही, यावर तिथे आजही मतभेद आहेत. पण वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहून मोठ्या पक्ष्याचा आजार कळतो का?

‘अतिघातक’ म्हणजे कोणासाठी घातक?

बर्ड फ्लूच्या बातम्यांत ‘अतिघातक विषाणू’ हा शब्द वारंवार येतो. हा शिक्का कसा बसतो, ते फारसे सांगितले जात नाही.

जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार यासाठीची प्रयोगशाळेतील चाचणी कोंबडीवर होते. चार ते आठ आठवड्यांच्या कोंबड्यांना शिरेतून विषाणू टोचल्यावर किमान ७५ टक्के मेल्या, तर तो विषाणू अतिघातक ठरतो. आता विषाणूची जनुकीय रचना पाहूनही हे ठरवता येते, पण मूळ मोजपट्टी कोंबडीचीच आहे.

म्हणजे कोंबडीसाठी अतिघातक असलेला विषाणू शहामृगासाठी तितकाच घातक असेल, असे नाही. शहामृगाची पिल्ले आणि लहान पक्षी मरतात, विशेषतः थंडी, गर्दी किंवा वाहतुकीचा ताण असेल तर. पूर्ण वाढलेला, शंभर किलोंपेक्षा जड पक्षी मात्र बऱ्याचदा तग धरतो. खाणे कमी होते, मान खाली जाते, लघवीला हिरवा रंग येतो. (पक्ष्यांमध्ये शहामृग वेगळा आहे, त्याची लघवी आणि विष्ठा वेगवेगळी बाहेर पडते.) काही पक्ष्यांत तर काहीच दिसत नाही. इमूतही लक्षणे सौम्य राहू शकतात.

कोंबड्यांच्या शेडमध्ये मृत्यूचा आकडा हाच धोक्याचा भोंगा असतो. मोठ्या पक्ष्यांच्या कुंपणात हा भोंगा वाजेलच, याची खात्री नाही. त्यामुळे तिथे पक्षी मरण्याची वाट न पाहता ठरवून तपासणी करावी लागते.

विषाणू बदलण्याची भीती कुठून येते?

यामागे ठोस जीवशास्त्र आहे. फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरल्यावर आपल्या प्रती काढण्यासाठी त्या पेशीतल्या काही प्रथिनांची मदत लागते. त्यातील एकाचे नाव एएनपी३२ए. कोंबडी, बदक यांच्यात या प्रथिनाला एक जादा तुकडा जोडलेला असतो. माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत तो नसतो. त्यामुळे पक्ष्यांचा विषाणू माणसाच्या पेशीत सहज वाढत नाही.

शहामृग पक्षी असूनही त्याच्या प्रथिनात हा जादा तुकडा नाही. या एका बाबतीत त्याची पेशी सस्तन प्राण्यासारखी वागते. शहामृगांतून मिळालेल्या काही विषाणूंत, सस्तन प्राण्यांत वाढायला मदत करणारे जनुकीय बदल संशोधकांना आढळले आहेत.

याचा अर्थ शहामृगापासून माणसांत साथ येणारच, असा नाही. पण अशा कळपात विषाणू महिनोन् महिने नकळत फिरू देणे परवडणारे नाही, एवढे मात्र नक्की.

दक्षिण आफ्रिकेने काय केले?

शहामृगपालनाचा सर्वांत जुना आणि मोठा अनुभव दक्षिण आफ्रिकेकडे आहे. औट्सहूर्न आणि भोवतालचा क्लाइन कारू हा कोरडा पट्टा त्याचे केंद्र. २००४ मध्ये ईस्टर्न केप प्रांतात शहामृगांत एच५एन२ आढळला आणि हजारो पक्षी नष्ट करावे लागले. २०११ मध्ये तोच प्रकार क्लाइन कारूमध्ये झाला. युरोपने ताज्या मांसाची आयात थांबवली आणि या धंद्यावर जगणारी गावे अडचणीत आली.

अडचण शेडची होती. ब्रॉयलर बंद शेडमध्ये ठेवता येतात. शहामृगाला मोकळे रान लागते. त्याच रानात रानबदके उतरतात, त्याच टाकीत पाणी पितात आणि त्याच गव्हाणीतले खाद्य टिपतात. संपूर्ण रानावर जाळी टाकणे शक्य नाही.

त्यामुळे तिथे भर पडली नोंदणी आणि तपासणीवर. प्रत्येक शहामृग फार्मची नोंद, दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी, पक्षी दुसऱ्या फार्मवर नेण्यापूर्वी तपासणी आणि कत्तलीपूर्वी पुन्हा तपासणी, अशी पद्धत बसवली गेली. कळप ठणठणीत दिसत असला तरी त्यातून सूट नाही. यानंतरही साथी आल्या, २०१७ मध्ये एच५एन८ आला. पण विषाणू कुठे आहे आणि कुठून कुठे गेला, हे शोधायला हाताशी कागद होते.

फक्त बर्ड फ्लूच का?

नाही. यादीत आणखी काही रोग आहेत.

मानमोडी : राणीखेत म्हणून ओळखला जाणारा हा रोग मोठ्या पक्ष्यांतही होतो. कोंबड्यांत तो वाऱ्यासारखा पसरतो, शहामृगांत सावकाश. मान वाकडी होणे, डोक्याला झटके येणे ही लक्षणे दिसतात. पिल्लांत मृत्यू जास्त.

जिवाणूजन्य रोग : साल्मोनेला, मायकोप्लाझ्मा आणि पक्ष्यांचा क्षयरोग. यातील साल्मोनेला अंडी आणि मांसातून माणसापर्यंत येऊ शकतो.

काँगो ताप : हा सर्वांत कमी माहीत असलेला धोका. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडांमार्फत पसरतो. १९९६ मध्ये औट्सहूर्नच्या शहामृग कत्तलखान्यात काम करणाऱ्यांमध्ये या तापाचे १७ रुग्ण आढळले होते. शहामृग स्वतः आजारी दिसत नव्हते. विषाणू त्यांच्या रक्तात मोजकेच दिवस राहतो, पण त्याच दिवसांत पक्षी कापला गेला, तर धोका कापणाऱ्याला. त्यानंतर कत्तलीपूर्वी पक्षी ठरावीक काळ गोचीडमुक्त जागेत ठेवण्याचा नियम तिथे आला.

भारतात या तापाचे पहिले रुग्ण जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत निश्चित झाले. २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात प्रशासनाने खबरदारीचा इशारा दिला होता. गाई-म्हशी, शेळ्या आणि इमू एकाच आवारात असतील, तर गोचीड नियंत्रण फक्त जनावरांपुरते ठेवून भागत नाही.

वऱ्हाडाशी याचा काय संबंध?

शहामृगांची व्यावसायिक शेती आपल्याकडे रुजली नाही. इमूची गोष्ट वेगळी. २००५ ते २०१२ या काळात देशभर इमूपालनाची लाट आली. तेल, मांस, पिसे, कातडे, सगळ्याला मागणी असल्याचे सांगितले गेले. काही कंपन्यांनी पिल्ले विकून परत खरेदीची हमी दिली. महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी यात पैसा घातला, विदर्भही त्याला अपवाद नव्हता.

ऑगस्ट २०१२ मध्ये तामिळनाडूतील पेरुंदुराई येथील सुसी इमू फार्म्सचा डोलारा कोसळला. गुंतवणूकदार पोलिसांकडे गेले आणि उपाशी पक्ष्यांना खायला घालण्याची वेळ सरकारवर आली. विश्वास उडाला, खरेदीदार दिसेनासे झाले. खाद्याचा खर्च सुरू आणि उत्पन्न शून्य, अशी पालकांची कोंडी झाली.

अशा वेळी पक्षी कुठे जातात, हा रोगनियंत्रणाचा प्रश्न आहे. कोणी ते ओळखीच्या माणसाला देतो, कोणी हौस म्हणून चार-दोन ठेवतो, कोणी कृषी पर्यटन केंद्रात पाठवतो. मोठा कळप फुटतो आणि त्याचे छोटे गट कोंबड्या, बदके, शेळ्यांच्या शेजारी राहू लागतात. या हालचालींची नोंद कुठेच होत नाही.

दुसरीकडे अमरावती हे विदर्भातील कुक्कुटपालनाचे महत्त्वाचे केंद्र आहे. इथल्या एका फार्मवरचा रोग म्हणजे भोवतालच्या अनेक कुटुंबांच्या हप्त्यांचा प्रश्न.

विषाणू किती जवळ येऊन गेला?

देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद महाराष्ट्रातच झाली, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१मुळे दगावले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मेले. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे कुक्कुट फार्मवर बर्ड फ्लू निश्चित झाला. कारंजा अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांना लागून आहे.

यात हंगाम महत्त्वाचा. हिवाळ्यात मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण, अमरावतीचे छत्री आणि वडाळी तलाव, अकोल्याजवळचा कापशी तलाव आणि काटेपूर्णाचा जलाशय इथे स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. रानबदके आणि तत्सम पाणपक्षी हे फ्लूच्या विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान मानले जातात. इमूचा अंडी देण्याचा हंगामही आपल्याकडे साधारण ऑक्टोबर ते मार्च असा असतो. म्हणजे अंडी गोळा करणे, पिल्ले विकणे, पक्षी हलवणे ही सगळी कामे नेमकी याच महिन्यांत होतात.

एक उदाहरण घेऊ

समजा, मूर्तिजापूर ते बडनेरा रस्त्यालगत एक फार्म आहे. (हे फार्म काल्पनिक आहे.) शेडमध्ये पाच हजार ब्रॉयलर आणि बाजूला जाळीच्या कुंपणात दहा इमू. जानेवारीत तीन इमूंनी दोन दिवस खाल्ले नाही. मालकाला वाटले, थंडी लागली. तिसऱ्या दिवशी पक्षी खाऊ लागले आणि विषय संपला.

दोन्हीकडे खाद्य टाकणारा गडी एकच. चप्पल तीच, बादली तीच. आठवडाभराने शेडमध्ये मर सुरू होते. आधी वीस, दुसऱ्या दिवशी दोनशे. अहवाल येईपर्यंत विषाणू कुठून आला, याचा माग हरवलेला असतो. मधल्या काळात दोन इमू शेजारच्या गावात विकले गेले असतील, तर साखळी आणखी लांबते.

आणि शिक्षा फक्त त्या मालकाला होत नाही. एक किलोमीटरच्या आत ज्याच्या कोंबड्या आहेत, त्याच्या निरोगी कोंबड्याही नष्ट होतात. इमूने दोन दिवस खाल्ले नाही, ही गोष्ट वहीत लिहून डॉक्टरांना कळवली असती, तर आठवडा हाताशी मिळाला असता.

तपासणीत नेमके काय पाहतात?

मुख्य चाचण्या दोन आणि त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

आज विषाणू आहे का? यासाठी घशातून आणि विष्ठामार्गातून स्वॅब घेऊन पीसीआर चाचणी होते. कोरोनाकाळात ही चाचणी घरोघरी माहीत झाली. पक्ष्याच्या शरीरात विषाणू असतो तेवढ्याच दिवसांत ती पॉझिटिव्ह येते.

मागे विषाणू येऊन गेला का? यासाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. लागण झाल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत ती तयार होतात आणि बराच काळ टिकतात. आजारी न दिसलेला कळपही यात उघडा पडतो. म्हणूनच शहामृगांच्या देखरेखीत रक्ततपासणीला एवढे महत्त्व आहे.

इथे दोन तांत्रिक खाचाखोचा आहेत. कोंबडीसाठी बनवलेल्या काही चाचण्या शहामृगाच्या रक्तावर चुकीचा संकेत देऊ शकतात, त्यामुळे कोणत्याही पक्ष्याला चालेल अशी एलायझा चाचणी वापरावी लागते. दुसरे, मानमोडीची लस दिलेल्या पक्ष्यात लसीमुळेही प्रतिपिंडे सापडतात. लस कधी दिली, याची नोंद नसेल तर अहवालाचा अर्थ लावता येत नाही.

किती पक्षी तपासायचे?

हा साध्या संभाव्यतेचा हिशेब आहे. मोठ्या कळपात दर शंभरात पाच पक्षी बाधित असतील, तर एखादा पक्षी बाधित नसण्याची शक्यता ०.९५. सलग ५९ पक्षी तपासून एकही बाधित न सापडण्याची शक्यता म्हणजे ०.९५चा ५९ वेळा गुणाकार, साधारण ०.०४८. म्हणजे ५९ पक्षी तपासले, तर पाच टक्के लागणही सुटण्याची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी राहते.

लहान कळपात उलटे घडते. दहा इमूंपैकी एक बाधित आहे आणि आपण पाचच तपासले, तर तो सुटण्याची शक्यता थेट ५० टक्के. म्हणून चार-दहा पक्षी असतील तर सगळेच तपासायचे. ‘दोन-तीन पाहिले, ठीक आहेत’ हा दिलासा फसवा असतो. चाचणीही शंभर टक्के अचूक नसते, त्यामुळे एका तपासणीवर न थांबता ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

नमुना घेणे सोपे आहे का?

कोंबडी काखेत धरता येते. इमू ३५ ते ५० किलोंचा असतो, शहामृग त्याच्या दुप्पट-तिप्पट. शहामृगाची लाथ पुढच्या बाजूला बसते आणि ती माणसाचा जीव घेऊ शकते. त्यामुळे सरावलेली दोन-तीन माणसे लागतात. शहामृगाच्या डोक्यावर कापडी टोपरे चढवले, की अंधार होऊन तो शांत होतो. रक्त मानेच्या, पंखाच्या किंवा पायाच्या शिरेतून घेतात. हे काम पशुवैद्यकाचेच आहे, मालकाने प्रयोग करू नये.

नमुना बर्फात, साधारण चार अंश सेल्सिअसला ठेवून पाठवावा लागतो. वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. थर्मासमधला बर्फ वाटेत वितळला तर विषाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

राज्यातून संशयित नमुने पुण्यातील रोग अन्वेषण विभागाकडे आणि अंतिम निदानासाठी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. नकाशा पाहिला तर परतवाडा-बैतूलमार्गे भोपाळ हे अमरावतीला पुण्यापेक्षा जवळ आहे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही आहे, त्यामुळे तज्ज्ञांचा सल्ला घेण्यासाठी लांब जावे लागत नाही.

रोग निघाला तर पुढे काय?

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २००९ नुसार अशा रोगाचा संशय आल्यास कळवणे पालकावर बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीवरही ही जबाबदारी आहे.

केंद्राच्या २०२१च्या सुधारित कृती आराखड्यानुसार, अतिघातक बर्ड फ्लू निश्चित झाल्यास एक किलोमीटर परिघ बाधित क्षेत्र ठरतो. त्यातील पाळीव पक्षी, अंडी आणि खाद्य नष्ट केले जाते. तिथून दहा किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण क्षेत्र असते, तिथे वाहतूक-विक्रीवर बंधने येतात.

नष्ट केलेले पक्षी, अंडी आणि खाद्य यांची भरपाई मिळते, तिचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मात्र मिळत नाही. लपवून ठेवले, चार दिवस वाट पाहिली, तर तेवढे पक्षी भरपाईतूनही जातात. लवकर कळवण्यात नुसते कर्तव्य नाही, व्यवहारही आहे.

कोंबडीचे मांस आणि अंडी नीट शिजवून खाल्ल्यास धोका नाही. ७० अंशांवर पूर्ण शिजलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही.

इमू पाळणाऱ्यांनी काय करावे?

- इमू आणि कोंबड्या एका आवारात ठेवू नयेत. जागाच नसेल तर गडी, बादली आणि पायातले जोडे तरी वेगळे ठेवावेत.
- खाद्य आणि पाण्याची जागा छताखाली, जाळीआड असावी. रानपक्ष्यांना तिथे उतरता येऊ नये. तलावाचे पाणी थेट पाजू नये.
- नवा पक्षी आणल्यास किमान महिनाभर वेगळा ठेवावा. तो कुठून आला आणि विकलेला कुठे गेला, ते लिहावे.
- साधी वही ठेवावी. तारीख, किती खाल्ले, विष्ठेचा रंग, अंडी, लस, मृत्यू. सलग दोन दिवस खाणे घटले, लघवी-विष्ठा हिरवी दिसली, मान वाकडी झाली तर त्याच दिवशी कळवावे.
- हंगाम सुरू होताना आणि संपताना पक्ष्यांच्या रक्ततपासणीबद्दल पशुवैद्यकाला विचारावे.
- गोचीड नियंत्रण आवारातील सर्व जनावरांचे एकाच वेळी करावे. पक्षी कापताना वा हाताळताना हातमोजे वापरावेत, उघड्या जखमेला रक्त लागू देऊ नये.
- मेलेला पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, स्वतः कापून पाहू नये. पशुधन विकास अधिकाऱ्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.
- आजारी पक्षी हाताळणाऱ्याला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना पक्ष्यांशी संपर्क आल्याचे आवर्जून सांगावे.

यंत्रणेकडून काय हवे?

गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि त्यावरून लस, आजार, खरेदी-विक्रीची नोंद ठेवता येते. इमूच्या बाबतीत असे काही नाही. परदेशात पिल्लाच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. आपल्याकडील मोजक्या पक्ष्यांसाठी एवढा खर्च नको असेल, तर गावनिहाय यादीपासून सुरुवात करता येईल.

त्यासाठी संधीही आहे. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या २१व्या पशुगणनेत कोंबडी-बदकांसोबत इमू आणि शहामृग यांचीही मोजदाद समाविष्ट आहे. ही माहिती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोहोचली आणि दर हिवाळ्यापूर्वी अद्ययावत झाली, तर कोणत्या गावात कोंबड्यांच्या फार्मशेजारी इमू आहेत, हे साथ येण्याआधी कळेल. नमुने घेताना कोंबड्यांबरोबर हेही पक्षी धरले गेले पाहिजेत, ते आजारी दिसत नसले तरी.

पालकाच्या बाजूने कामाची सुरुवात एका वहीने होते. इमूने आज किती खाल्ले, हे रोज लिहायला दोन मिनिटे लागतात.